चौघींचा ओफ्रेंदा

सासूबाई, दोघी चुलत सासवा आणि मोठ्या आत्या. मीस्किकच्या आमच्या घरातली ही पिढी ऑक्टोबर संपत आला की पदर खोचल्यासारखी कामाला लागायची, आणि आम्ही सुना-नणंदा त्यांच्या हाताखाली. मेक्सिको सिटीच्या आग्नेय टोकाचं हे गाव. गेलेली माणसं नोव्हेंबर लागला की घरी येतात, हे इथे गृहीतच.

सोचिमिल्कोच्या मळ्यांतून सेम्पासूचिल यायची. आपला दसऱ्याचा झेंडूच तो, मूळचा याच देशातला. पाकळ्या खुडून दारापासून ओफ्रेंदापर्यंत, म्हणजे गेलेल्यांसाठी मांडलेल्या टेबलापर्यंत, वाट घालायची. टेबलावर फोटो, मेणबत्त्या, कोपालचा धूप, मीठ, आणि लांबून आलेल्यांसाठी पाण्याचा पेला. ज्याचं मागे कुणीच उरलं नाही अशा जिवासाठीही एक मेणबत्ती असे. ती आत्याच लावायच्या.

३१ ऑक्टोबरला भरदुपारी चर्चची घंटा झाली की आधी लहान मुलं येतात. त्यांच्यासाठी पांढरी फुलं, दूध, बिनतिखटाचं जेवण. सासूबाईंचं पहिलं बाळ वर्षाच्या आतच गेलेलं. त्याच्यासाठी त्या मातीचा छोटा घोडा काढायच्या, पदराच्या टोकाएवढ्या फडक्याने पुसायच्या, त्याचं तोंड दाराकडे करून ठेवायच्या. डोळ्यांत पाणी नसे. ‘‘आज तो घरी आलाय, रडायचं कशाला?’’

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं जातात, मोठे येतात. मग खरी धांदल. मिरच्या भाजल्या की घरभर ठसका, आणि मेतातेवर, त्या तीन पायांच्या दगडी पाट्यावर, मोले या मिरच्यांच्या दाट रश्श्याचं वाटण. कुणाला काय आवडायचं यावरून चौघी अगदी हमरीतुमरीवर येत. आजेसासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. पण मोलेवर त्यांना तीळ भरपूर लागत आणि जेवताना पुल्के ही दारू हवीच असे, हे मी आज सांगू शकते ते या भांडणांमुळे.

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आलुम्ब्रादा. चर्चच्या आवारातल्या कबरी धुऊन, फुलांनी भरून, मेणबत्त्या लावून सगळं गाव तिथे बसायचं. शेजारच्या कबरीकडून तामाले यायचे, आमच्याकडून पान दे मुएर्तो जायचा. बारा महिने अबोला धरलेली घरंही त्या रात्री एकमेकांना पाव देत.

२०१५ च्या बाँडपटात दाखवलेली या सणाची मिरवणूक २०१६ पासून शहरात खरोखरच निघू लागली. पाहुण्यांची गर्दी आता आमच्या गल्लीपर्यंत पोचते. येऊ देत, पाहू देत. पण फोटोसाठी कुणी कबरीवर पाय दिला की मी ओरडते, आणि ओरडत राहीन.

चौघीही आता ओफ्रेंदावरच्या फोटोंत आहेत. सासूबाई मोलेत चॉकलेट किती घालत, यावर थोरल्या जाऊबाईंचं आणि नणंदेचं अजून एकमत नाही. त्यामुळे आम्ही दोन पातेली चढवतो आणि दोन्हींतलं त्यांच्यापुढे वाढतो.