स्वतःच्या बळावरचा प्रवास

जुन्या दफ्तरांच्या अभ्यासासाठी पणजीत दोन महिने राहिल्यावर आम्ही परतीसाठी सायकल निवडली, तेव्हा अनेकांना नवल वाटले. पहाटे मिरामारचा किनारा शांत होता. कळंगुटकडे धावणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या अजून निघायच्या होत्या. मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीचा चढ चढलो. दोन महिने सोबत असलेली समुद्राची गाज मागे पडली आणि मन क्षणभर जड झाले. मग म्हापसा, पत्रादेवी, बांदा असे एकेक गाव मागे टाकत कोकणाचे चढउतार सुरू झाले.

त्या चढांवर आम्हाला आपल्या खानदेशातील चाळीसगाव आठवे. १९२९ साली धुळ्याहून परतणारे बाबासाहेब तेथे उतरले. अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. पाहुण्याने पायी चालू नये म्हणून वस्तीतल्याच माणसाने, सराव नसताना, लगाम धरला. मोरीवर अपघात झाला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. वाहन होते, भाडे होते; आडवी आली ती जात.

सायकल कोणाची जात विचारत नाही, कोणाची मर्जीही मागत नाही. कशेडी घाट उतरून महाडला चवदार तळ्याकाठी थांबलो, तेव्हा २० मार्च १९२७ रोजी तेथवर चालत गेलेली पावले मनात उभी राहिली.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या मुलींना सायकल अवश्य शिकवा. स्वतःच्या बळावर गाव सोडता येणे आणि परत येता येणे, हेही शिक्षणच आहे.