चल्लस आणि आठ

दहावीच्या बीजगणितात संभाव्यता हे पाचवं प्रकरण. ते येईपर्यंत मुलांच्या डोक्यात बोर्डाची परीक्षा पक्की बसलेली असते. नाणं, फासा, पत्त्यांचा जोड. नमुना अवकाश लिहायचा, हव्या त्या निष्पत्ती मोजायच्या, भागाकार करायचा. वर्गात एकदाही नाणं न उडवता मुलं या प्रकरणात पैकीच्या पैकी गुण मिळवतात. छत्रपती संभाजीनगरात शिकवताना मला हे सतत खुपायचं. म्हणून आता हे प्रकरण मी खेळूनच सुरू करतो.

पहिल्या दिवशी रुपयाचं नाणं. जोड्या पाडायच्या, एकाने उडवायचं, दुसऱ्याने वहीत रेघा ओढायच्या. कुणाला दहात सात छापे पडतात, कुणाला तीनच. फळ्यावर सगळ्यांची बेरीज मांडली की आकडा निम्म्याच्या जवळ सरकायला लागतो. दरवर्षी कुणीतरी ठासून म्हणतं, "सर, पाच वेळा सलग काटा आला, आता छापा येणारच!" या वाक्यावर मी मुद्दाम वेळ घालवतो. मोठ्या माणसांचे पैसे याच समजुतीपायी जातात. नाण्याला मागचं काहीच आठवत नाही. सहाव्या वेळीही शक्यता निम्मीच.

मग एकूण आकडा निम्म्याच्या जवळ जातो तो कसा? दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकलेल्या जॉन केरिच या गणितज्ञाने १०,००० वेळा नाणं उडवलं. छापे आले ५,०६७. कार्ल पिअर्सनने २४,००० वेळा उडवलं, त्याला १२,०१२ मिळाले. केरिचचे ६७ छापे जास्तच राहिले, कुणी ते परत घेतले नाहीत. पण दहा हजारांत ६७ म्हणजे एक टक्काही नव्हे. वाढलेल्या फेकींखाली जादाचे छापे दबून जातात. याकोब बर्नुलीने याची सिद्धता दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापली गेली. मुलांचं सिद्धता कळायचं वय नाही, पण स्वतःच्या रेघा मोजल्यावर गोष्ट कळते.

नाण्याशी थांबलो असतो तर मुलांनी एवढंच धरलं असतं की पुस्तकातलं उत्तर खरं, आपला प्रयोग त्याची कच्ची नक्कल. ते मला नको होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी चिंचोके.

चल्लस-आठ आमच्याकडच्या बहुतेक घरांत आजी-आजोबांना येतो. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट, घरांत फुल्या, आणि चार चिंचोके, एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले. चारही टाकायचे. जेवढे पांढरे वर, तेवढं दान. चारही पांढरे म्हणजे चल्लस, चारही तपकिरी म्हणजे आठ. या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळतं, म्हणून सगळ्यांचा जीव त्यांच्यात अडकलेला.

आधी कागदावरचा हिशेब. चार बिया, प्रत्येकीच्या दोन बाजू, एकूण सोळा निष्पत्ती. चल्लस एकदा, आठ एकदा. एक पांढरा चार प्रकारे, दोन पांढरे सहा प्रकारे, तीन पांढरे पुन्हा चार प्रकारे. म्हणजे चल्लस आणि आठ दोन्ही सोळात एक. मुलांनी बिनचूक काढलं.

मग खेळ. एका गटात आठ भराभर पडायला लागले आणि चल्लस काही येईना. शेजारच्या गटाचं उलट. "सर, ह्यांच्या बिया खोट्या आहेत," अशी तक्रार आली. खोट्या नव्हत्या, वेगळ्या होत्या. एकीने बी जेमतेम रंग जाईपर्यंत घासली होती, दुसऱ्याने पार चपटी केली होती. घासताना हात किती दाबला, यावर बी कशी पडायची ते ठरत होतं. सोळा निष्पत्ती बरोबर होत्या, त्या समसंभाव्य आहेत हे मात्र कुणी तपासलंच नव्हतं. पुस्तकात हा शब्द व्याख्येत येतो आणि मुलं त्याच्यावरून पुढे जातात. इथे सगळा वर्ग त्या एका शब्दावर अडखळला. हे प्रकरण शिकवताना मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच क्षण.

पहिल्या गटाला सांगितलं, एकेक बी वेगळी टाकून मोजा. पांढरी बाजू दहात साधारण चार वेळा वर येत होती. बियांबियांत थोडाफार फरक होता, तो बाजूला ठेवला. आता चल्लसची शक्यता ०.४ चार वेळा गुणून, म्हणजे ०.०२५६. आठची ०.६ चार वेळा गुणून, म्हणजे ०.१२९६. एक जवळपास चाळिसात एकदा, दुसरं आठात एकदा. पाचपट फरक! पुन्हा चारही बिया टाकून मोजल्या तेव्हा आकडे सोळात एकपेक्षा या नव्या हिशेबाच्या खूप जवळ आले. प्रयोगाने हिशेब दुरुस्त केला आणि दुरुस्त हिशेबाने पुढचा खेळ आधीच सांगितला. सोळात एकच बरोबर म्हणून पुस्तकाच्या बाजूने भांडणारी एक मुलगी होती, तीच सगळ्यात जास्त खूश झाली.

घासण्याचा हा प्रश्न मुलं सहलीलाही सोबत नेतात. वेरूळला एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत, खाली नंदी आणि गण. तिथे इतर मुलं फोटो काढत असतात, माझी मुलं फाशांना बाजू किती आणि त्या सारख्या घासल्या होत्या का, यावर वाद घालतात. मला ते फार आवडतं.

यंदा पैठणकडच्या एका मुलीने विचारलं, "सर, पावसाचा नमुना अवकाश काय लिहायचा?" पडेल आणि नाही पडणार, अशा दोन निष्पत्ती लिहून निम्मी शक्यता म्हणता येत नाही, हे मराठवाड्यातल्या मुलांना सांगावं लागत नाही. ज्या जायकवाडीचं पाणी आपण शहरात पितो, त्यासारखी धरणं आखताना ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा धरतात. म्हणजे मागच्या वर्षांच्या नोंदी लावून असा आकडा काढायचा, की चारपैकी तीन वर्षं निदान तेवढं पाणी यावं. इथे कागदावर आधी मांडायला सोळा निष्पत्ती नाहीत. मोजलेली वर्षं तेवढी हाती.

तेव्हापासून वर्ग कृषी विभागाचे मंडळनिहाय पावसाचे आकडे उतरवतोय. किती वर्षं घ्यायची यावरून दोन तट पडलेत. तीस तरी हवीत, असं एकाचं म्हणणं. पैठणची मुलगी म्हणते, जुनी वर्षं आताच्या पावसाला लागू पडतात हे आधी दाखवा. तिचा मुद्दा चिंचोक्यांवरूनच आलेला आहे, आणि वर्गाला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.