मिशन सोडले, ख्रिस्त नव्हे

गेल्या भाद्रपदात पेणहून गणपतीची मूर्ती घेऊन आम्ही रोह्यास थोरल्या बहिणीकडे गेलो. "मूर्ती बसवू, पण देवळात चल म्हणून मात्र सांगू नकोस," असे अक्काने दारातच बजावले. एका देवस्थानात कारभाऱ्यांनी चारचौघांत तिचा पाणउतारा केला होता. "देवाची माणसे अशी, तर देव तरी कसा असेल?" हा प्रश्न तिला जाळीत होता.

आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्त दुरावले; पत्नी लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग घडला. ज्या ख्रिस्तासाठी एवढे सोसले, त्याच्याच मंडळीत परदेशी मिशनरी व देशी ख्रिस्ती यांतील अंतर त्यांना सलू लागले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. १९१९ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांची ख्रिस्तनिष्ठा ढळली नाही. पंडिता रमाबाईंनीही १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु न पटलेली मते केवळ धर्मगुरूंच्या शब्दाखातर मानली नाहीत. संस्थेवरील रोष व देवावरील निष्ठा एका मनात नांदू शकतात, हेच खरे.

अक्का म्हणाली, "टिळकांना दुसरा दरबार मांडता आला. माझ्यासारखीने कुठे जावे?"

आम्हांस उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो अक्का मूर्तीपुढे एकटीच दूर्वा निवडीत बसलेली. देवळाचे नाव तिने काढले नाही. आम्हीही काढले नाही.