सनय्यातले स्वयंसेवक

एन.एस.एस. केलेल्या माणसाला 'स्वयंसेवक' म्हटलं की घमेलं आणि फावडं आठवतं. दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर, कुठल्यातरी गावात शोषखड्डे. १९६९ पासून हे चालू आहे. नुसत्या गुणांसाठी येणारी मुलं आमच्या वेळीही होती, पण खड्डा त्यांनाही खणावाच लागे.

इथे अमिरातीत मनात आलं आणि झोळी घेऊन निघालो, असं चालत नाही. स्वयंसेवेसाठी २०१८चा कायदा आहे. आधी नोंदणी करायची, आणि अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती आणायची. पैसे गोळा करणं तर विसराच! २०२१च्या कायद्याने तो अधिकार फक्त परवानगी असलेल्या संस्थांना. गणपतीची वर्गणी मागत वाढलेल्या आपल्या मंडळींना हे जरा जड जातं. मला मात्र हा नियम पटतो. पैसे मागायचे नाहीत म्हटल्यावर पोरांना विचार करावा लागतो, की आपल्याकडे द्यायला दुसरं काय आहे?

आमची प्रयोगशाळा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. कामगार या भागाला 'सनय्या' म्हणतात. गॅरेजं, वखारी, भंगाराची गोदामं आणि मधूनमधून कामगारांच्या खोल्या. एरवी इथे शाळकरी पोरं दिसत नाहीत. रमझानात दिसतात. सूर्यास्ताच्या आधी फुटपाथवर रांगा बसतात आणि जाकिटं घातलेली मुलं भात, खजूर, ताक वाटत जातात. ईद झाली की सगळं गायब.

अपवाद एप्रिल २०२४चा. १६ तारखेला देशात १९४९पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस पडला. शारजात कित्येक भागांत पाणी दिवसेंदिवस हटेना. तेव्हा तरुण पोरं छोट्या होड्या घेऊन इमारती-इमारतींत पाणी, जेवण, औषधं पोचवत होती. संकटात माणसं धावतात हो, त्यात नवल नाही. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

गेल्या रमझानात एका मित्राच्या मुलाला मी वाटपाला सोडायला गेलो. परदेशी कॉलेजच्या अर्जासाठी त्याला तास हवे होते. असो. खोके संपल्यावर नांदेडकडच्या एका कामगाराने त्याचं मराठी ऐकून मोबाइल पुढे केला. "बाळा, हे काय आलंय बघ की." मेसेज इंग्रजीत आणि अरबीत होता, चारशे दिरहम दंडाचा. नोकरी गेल्यास तीन महिन्यांपर्यंत थोडे पैसे देणारा विमा २०२३पासून इथे सक्तीचा आहे. कमी पगाराच्या माणसाला महिन्याला फक्त पाच दिरहम पडतात. काढला नाही की दंड. या गृहस्थांना असा काही विमा असतो हेच ठाऊक नव्हतं, आणि चारशे दिरहम म्हणजे घरी पाठवायच्या रकमेतला मोठा लचका.

या पोराला इंग्रजी येतं, शाळेत सक्तीचं म्हणून थोडं अरबी येतं आणि आईच्या धाकामुळे मराठी येतं. इथल्या नोकरीच्या प्रस्तावपत्रात अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला समजेल अशी तिसरी भाषा घेता येते. त्या यादीत हिंदी, मल्याळम, तमिळ, नेपाळीसुद्धा आहे, मराठी नाही. पोरगा फुटपाथवरच बसला. विमा कसा काढायचा ते दाखवलं, दंड हप्त्यांनी भरता येतो तेही शोधून दिलं. चाळीस मिनिटं गेली. त्याच्या प्रमाणपत्रावर तास फक्त खोके वाटल्याचे आले.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर चार मोबाइल होते.