पलीकडच्या काठावरची मुले

ताजमहालाच्या पाठीशी यमुना आहे आणि यमुनेपलीकडे कछपुरा. उन्हे कलली आणि संगमरवर पिवळसर दिसू लागला की या काठावर कॅमेरेवाले जमतात, आणि त्यांच्यामागोमाग वस्तीतली मुलेही. पुढे अनवाणी, धुळीने माखलेले मूल आणि मागे धूसर घुमट, ही चौकट प्रवासी छायाचित्रणात आता इतकी रुळली आहे की ती कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. फोटोखाली ‘आग्रा’ एवढाच शब्द असतो. इमारतीचे नाव सगळ्यांना ठाऊक, मुलाचे कोणालाच नाही. या चौकटीत काय येते आणि काय बाहेर राहते, हे कळायला मुंबईपासूनच निघावे लागते.

पंजाब मेल भुसावळ सोडते, महाराष्ट्राची हद्द ओलांडते आणि बुऱ्हाणपूर येते. ताजची कथा याच गावात सुरू झाली. जून १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात येथे वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरले, आणि सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्याला हलवला. रेल्वे तेवढे अंतर आता एका रात्रीच्या आसपास कापते. त्या बाळंतपणातली मुलगी मात्र जगली. तिचे नाव गौहर आरा. ती १७०६ पर्यंत हयात होती. जन्मतःच आईला मुकलेल्या लेकरांची नावे सहसा कोठे उरत नाहीत. हे उरले, कारण ती बादशहाची लेक होती.

ताज ज्या जमिनीवर उभा आहे ती आंबेरच्या कछवाहा घराण्याची होती. १६३३ च्या फर्मानात तिचा व्यवहार नोंदलेला आहे: जमिनीच्या मोबदल्यात राजा जयसिंहाला आग्र्यातल्या चार हवेल्या मिळाल्या. पलीकडच्या काठावरही याच घराण्याच्या जागा होत्या आणि कछपुरा हे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. मराठी वाचकाला हा जयसिंह परका नाही. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे ते हेच. त्यांच्याच शब्दावर १६६६ मध्ये शिवाजीमहाराज आग्र्याला गेले. १२ मे रोजी दरबार भरला तेव्हा सोबतच्या संभाजीराजांना नऊ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. शाहजहान त्याच वर्षी जानेवारीत वारला होता आणि ताजमध्ये मुमताजशेजारी त्याची कबर झाली होती. आग्र्याला जाणारा मराठी माणूस किल्ल्यासमोरच्या महाराजांच्या पुतळ्यापाशी थांबतो, मग ताज पाहतो आणि परततो. नदी ओलांडणारे थोडेच.

ताजच्या दक्षिण दरवाजाबाहेरची ताजगंज वस्ती ताजइतकीच जुनी आहे. तिचे मूळ नाव मुमताजाबाद. चौकाभोवती सराया आणि बाजार बांधले गेले, आणि त्यांचे उत्पन्न, शिवाय तीस गावांचा महसूल, मकबऱ्याच्या देखभालीला लावून दिला. वस्तीने इमारत पोसायची, अशी ही मूळ मांडणी होती. पर्यटक धरून चालतात ती नेमकी याच्या उलटी.

विसाव्या शतकात आणखी एक फेरमांडणी झाली. धूर आणि हवेतले गंधक यांनी संगमरवर काळवंडतो, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी कोळसा व कोक जाळणाऱ्या २९२ कारखान्यांना नैसर्गिक वायू घ्या नाहीतर हला, असा आदेश दिला. ताजभोवतीचे १०,४०० चौरस किलोमीटर क्षेत्र आज विशेष निर्बंधांखाली आहे. दगडाला याचा फायदा झाला, यात वाद नाही. पण ओतशाळा हे आग्र्यातल्या कष्टकऱ्यांचे जुने पोट होते. फोटोतल्या मुलाच्या मागे जो शुभ्र घुमट दिसतो, त्या शुभ्रतेचा हिशेब शहरातल्या अनेक चुलींपर्यंत पोहोचतो.

कॅमेरा येथे फार लवकर आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले डॉक्टर जॉन मरी १८४९ च्या सुमारास आग्र्यात छायाचित्रे काढू लागले आणि १८५८ मध्ये त्यांची आग्र्याची दृश्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. कागदी निगेटिव्हला मिनिटे मिनिटे उजेड द्यावा लागे. तेवढ्यात चालता माणूस पुसला जाई, उरे फक्त वास्तू. चौकटीत माणूस हवाच असेल तर त्याला खांबासारखे उभे करत, तेही बहुधा कमानीची उंची कळावी म्हणून. पुढे १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या लोकांची चित्रे असलेला आठ खंडांचा सरकारी संग्रह निघाला. त्यात माणसे आली खरी, पण जात, जमात आणि स्वभाव अशा खणांत वाटलेली: हा अमुक जातीचा, हा तमुक टोळीचा. वास्तूचे माप म्हणून उभा केलेला माणूस आणि जातीचा नमुना म्हणून बसवलेला माणूस, या दोघांचा वारस म्हणजे ताजसमोरचे आजचे अनाम मूल.

ताजवरून कछपुऱ्याला जायचे तर शहरात मागे येऊन आंबेडकर पूल ओलांडावा लागतो. डोळ्यांना जे अंतर एका पात्राचे, ते रिक्षाला सहा-सात किलोमीटरचे. वाटेत इतिमाद-उद-दौलाचा मकबरा लागतो, मग रोपवाटिका, मग गाव. गल्ल्या अरुंद आहेत आणि उंबऱ्याउंबऱ्यावर चपला-बुटांचे काम चालते: लाकडी फर्म्यावर चढवलेले कातडे, डब्यातल्या सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास, दोऱ्याची रिळे. आग्रा हे देशातल्या बूटधंद्याचे मोठे केंद्र. त्यातले शिवणाचे आणि चिकटवण्याचे पुष्कळ काम अशा घरांतून नगावर होते.

गावाच्या मधोमध हुमायूनची मशीद आहे. तिच्यावरच्या लेखानुसार ती १५३० ची, म्हणजे ताजहून शंभर वर्षांनी जुनी. चुन्याचा गिलावा उडालेला, विटा उघड्या, आणि समोरच्या मोकळ्या जागेत मुले खेळतात. जवळच एकाच दगडातून कोरलेल्या अकरा पायऱ्या आहेत. लोक त्यांना ‘ग्यारह सीढ़ी’ म्हणतात आणि हुमायूनच्या वेधशाळेशी त्यांचा संबंध जोडतात. पायऱ्या चढून वर गेले तर पुढे काहीच नाही, नुसते आकाश.

गावाला लागूनच मेहताब बाग. येथे काळ्या ताजचा पाया आहे, ही दंतकथा फ्रेंच प्रवासी तावेर्निए याच्या लिखाणावर पोसली गेली. शाहजहानने पलीकडे स्वतःची कबर बांधायला घेतली, पण मुलांशी झालेल्या लढाईत ती राहून गेली, असे त्याने लिहिले. १९९० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले तेव्हा काळा संगमरवर सापडला नाही; सापडला मोठा अष्टकोनी तलाव. ताजचे प्रतिबिंब पाहण्यासाठी बांधलेली ही बाग होती. १६५२ मध्ये औरंगजेबाने बापाला लिहिलेल्या पत्रात ती पुरात बुडाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे या काठावरून ताज ‘पाहणे’ हा उद्योग मुळातच बादशाही. पर्यटक तेच करतो, फक्त तिकीट काढून.

बागेच्या कुंपणाबाहेर नदीकडे जाणाऱ्या वाटेवर ती चौकट घडते. लांब पल्ल्याची लेन्स लावली की घुमट ओढल्यासारखा जवळ येतो आणि मधली नदी, काटेरी तार, कचरा, सगळे गडप होते. छिद्र मोठे ठेवले की पार्श्वभूमी विरघळते. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून कॅमेरा खाली रोखला की मूल आहे त्याहून लहान आणि केविलवाणे दिसते; तोच गुडघ्यावर बसून धरला तर तेच मूल चेष्टेखोर, कधी उद्दामही दिसते. हसणारा फोटो बाद करून गंभीर चेहऱ्याचा ठेवणे हा शेवटचा टप्पा, तो रात्री हॉटेलच्या खोलीत पार पडतो. मुलाच्या दप्तराचा पट्टा चौकटीच्या कडेला आला असेल तर तोही तेथेच कापला जातो.

गरीब मुलांचे फोटो काढूच नयेत, असे म्हणणे सोपे पण खोटे. अमेरिकेत लुइस हाइन १९०८ पासून गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत फिरला. दाराशी अडवतील म्हणून तो कधी विमा विकणारा, कधी बायबल विकणारा होऊन आत जाई. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या बटणांशी ताडून पाही, आणि नाव, वय, पगार, कामाचे तास खिशातल्या खिशात कागदावर खरडून ठेवी. त्याच्या चित्रांचा बालमजुरीविरोधी कायद्यांना मोठा आधार झाला. फोटोइतकेच काम त्या खरडलेल्या ओळींनी केले.

याच्या दुसऱ्या टोकाला स्टीव्ह मकरी. आग्र्याच्या रेल्वे यार्डातले वाफेचे इंजिन आणि मागे ताज, हे १९८३ चे गाजलेले छायाचित्र त्याचेच. पुढच्याच वर्षी त्याने पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर पोहोचला. शरबत गुला हे तिचे नाव मात्र जगाला २००२ मध्ये कळले. त्याहून वाईट नमुना उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातला. २०११ मध्ये आलेस्सिओ मामो या इटालियन छायाचित्रकाराने गावकऱ्यांपुढे खोट्या अन्नाने भरलेले टेबल मांडून, डोळ्यांवर हात ठेवून त्यांना उभे केले. ती चित्रे २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवर आली, संताप उसळला आणि त्याला माफी मागावी लागली.

कायदा येथे फारसा पुढे येत नाही. सार्वजनिक जागी खासगी हौसेसाठी काढलेल्या फोटोला भारतात सरसकट बंदी नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतो, पण पर्यटकाच्या मोबाइलपर्यंत त्याचा हात क्वचितच जातो. पैशाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. फोटोमागे दहा रुपये देणे माणुसकीचे वाटते. पण शाळेच्या वेळेत नदीकाठी उभे राहणे परवडू लागते ते याच दहा रुपयांमुळे. कंबोडियात अंगकोरच्या मंदिरांसाठी २०१५ मध्ये पर्यटकांचे नियम झाले. मुलांना खाऊ-पैसे देऊ नका, त्यांच्याकडून वस्तू घेऊ नका, त्याने शाळा सुटते, असे त्यांत स्पष्टच म्हटले आहे. आग्र्यात अशी पाटी प्रत्येक घाटावर लावायला हरकत नाही.

कछपुऱ्याने स्वतःही एक उत्तर शोधले आहे. दिल्लीच्या ‘क्युअर’ या संस्थेच्या मदतीने येथे ‘मुघल हेरिटेज वॉक’ सुरू झाला. गावातलीच तरुण मंडळी पाहुण्यांना मशीद, अकरा पायऱ्या आणि गल्ल्या दाखवतात. याच संस्थेच्या मदतीने गावच्या नाल्याचे पाणी नदीत पडण्याआधी शुद्ध करण्याची सोयही झाली. या फेरीत गावकरी नाव सांगून बोलतो आणि पाहुण्याला नाव विचारतो. त्यानंतर काढलेल्या फोटोखाली ‘आग्रा’ एवढेच लिहिणे अवघड जाते.

ताज शुक्रवारी बंद असतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेथे तिकीट लागत नाही, कछपुऱ्यातल्याही नाही.