चौपन्न संख्या

शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे गणित वाचायला जी मंडळी जमतात, त्यांच्यापैकी कुणालाच परीक्षा द्यायची नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका नंबर थिअरीत रमले आहेत. सॉफ्टवेअरमधली एक मुलगी मशीन लर्निंगसाठी लिनिअर अल्जिब्रा मुळापासून करते आहे. मॅट्रिक्सचे गुणाकार तिने कॉलेजात भरपूर केले होते, पण ते तसेच का करायचे हे तिला आता कळून घ्यायचं आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिथे पोर्शन संपवायचा असतो, इथे तो नसतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

नवा माणूस आला की आधी पुस्तकाचं नाव विचारतो. हार्डी आणि राइट यांचा नंबर थिअरीवरचा १९३८ सालचा ग्रंथ मला अतिशय प्रिय आहे, तरी एकट्याने सुरुवात करणाऱ्याच्या हाती मी तो देत नाही. त्यात वाचकाने सोडवायची उदाहरणंच नाहीत. त्यापेक्षा डेव्हिड बर्टन यांचं पुस्तक बरं, त्यात ती मुबलक आहेत. कॅल्क्युलससाठी मायकेल स्पिवाक. त्यातल्या एकेका उदाहरणावर आठवडा जातो, आणि तो जाऊ द्यावा. व्हिडिओवरची व्याख्यानं हल्ली उत्तम मिळतात, पण ती पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वही उघडली की पहिली ओळ सुचत नाही.

माझ्या मते एकट्याने गणित शिकण्याचं सारं कसब एका सवयीत आहे. लेखकाने निकाल सांगितला की पुस्तक मिटायचं आणि तो का खरा आहे हे आपल्या हाताने शोधायचं.

याचं एक उदाहरण सांगते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना १९४९ साली ६१७४ ही संख्या सापडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. फार तर सात पायऱ्यांत आपण तिथे पोचतो.

बहुतेकांना ही गंमत इथवरच ठाऊक असते. काकांनी विचारलं, ‘मॅडम, सगळ्याच संख्यांना हे लागू आहे हे पटवायचं तर दहा हजार वजाबाक्या करायच्या का?’ मी एवढंच म्हटलं, की अंकांच्या जागी अक्षरं मांडून बघा. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असले तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते. म्हणजे अंक कोणते, याने काही बिघडत नाही. बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि आतल्या दोघांतला फरक, एवढ्यावर सगळं ठरतं. बाहेरचा फरक १ ते ९ पैकी कोणताही. आतला शून्यापासून फार तर बाहेरच्याएवढा. सगळ्या जोड्या मोजल्या तर २ + ३ + … + १० = ५४. सुरुवातीला शून्य चालवून घेतला तर ९९९० संख्या होतात, आणि त्या सगळ्या पहिल्याच पायरीत चौपन्न संख्यांवर येऊन ठेपतात! चौपन्न संख्या हाताने तपासता येतात. काकांनी एकूण एक तपासल्या. ती सिद्धता त्यांची स्वतःची आहे, असं मी मानते.

मूळ संख्या अनंत आहेत, ही युक्लिडची सिद्धताही अशीच पुस्तक मिटून लिहून पाहावी. यादीतल्या मूळ संख्यांचा गुणाकार करून एक मिळवला की नवी मूळ संख्या मिळते, असं अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. १३ पर्यंतच्या मूळ संख्या घेतल्या तर ३००३१ येते, आणि ती ५९ गुणिले ५०९ आहे. नव्या संख्येचा एखादा मूळ अवयव यादीबाहेरचा असतो, सिद्धतेला तेवढंच पुरतं.

रामानुजन यांना शाळकरी वयात मिळालेल्या जी. एस. कार यांच्या पुस्तकात हजारो निकाल होते आणि सिद्धता अगदी त्रोटक, त्यामुळे त्या त्यांनी स्वतःच केल्या. भास्कराचार्यांची ११५० सालची ‘लीलावती’देखील नियम आणि उदाहरणं देऊन पुढे जाते. नियमांच्या उपपत्ती कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ या टीकेत मांडल्या. ‘लीलावती’ वाचायची तर आधी टीका झाकून वाचावी.

तीन अंकी संख्यांवर कापरेकरांची हीच क्रिया केली तर आपण कुठे पोचतो, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. अक्षरं मांडून वजाबाकी केली की तपासायला फक्त नऊ संख्या उरतात. वाचकांनी नेटवर उत्तर शोधण्याआधी त्या नऊ स्वतः तपासून पाहाव्यात.