कप्तान झोपला होता

आमच्या यांच्या कंपनीत अधूनमधून ‘नेतृत्व’ या विषयावर व्याख्यानं असतात. खेळ, लष्कर आणि उद्योगधंदा यांच्या दाखल्यांवरून माणसं कशी जोडावीत ते शिकवतात म्हणे. यांनी लिहून आणलेली टिपणं मी भाजी निवडता निवडता वाचली. पुढाऱ्यानं सर्वांत आधी यावं, सर्वांत शेवटी जावं, असं बरंच काही. हसूच आलं. सर्वांत आधी उठणं आणि सर्वांत शेवटी जेवणं आपण रोजच करतो की! तेवढ्यानं घराची ‘टीम’ होते का?

मला विचाराल तर पुढारी बाजूला झाल्यावर काय होतं, त्यावरून त्याची पारख करावी.

१९७१ चा ऑगस्ट. लंडनच्या ओव्हल मैदानावर आपला इंग्लंडशी कसोटी सामना. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ गडी टिपले, इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि आपल्याला जिंकायला १७३ धावा हव्या होत्या. इंग्लंडमध्ये तोवर आपण एकही कसोटी जिंकलेली नव्हती. शेवटच्या दिवशी सकाळीच कप्तान अजित वाडेकर धावबाद झाले. अजून जवळजवळ शंभर धावा बाकी, आणि हे गृहस्थ ड्रेसिंग रूममध्ये जाऊन चक्क झोपले! आपण जिंकलो हे सांगायला इंग्लंडच्या केन बॅरिंग्टननं त्यांना उठवलं.

याला बेफिकिरी म्हणायचं? मला नाही तसं वाटत. मैदानात सरदेसाई होते, विश्वनाथ होता, इंजिनियर होता. कप्तानानं बाहेर बसून नखं खाल्ली असती तर त्यांच्या बॅटीला काय बळ मिळणार होतं? आपण मात्र मुलगा बटाटे सोलायला बसला की दोन मिनिटांत म्हणतो, “दे इकडे, तुला नाही जमायचं.”

लष्कराचा दाखला तर शाळेत शिकवताना दरवर्षी समोर येतो. १६६६ साली शिवाजीमहाराज आग्र्याला अडकून पडले, तेव्हा इकडे राज्य जिजाबाईंनी सांभाळलं. मुलं पेटाऱ्यांच्या गोष्टीत रंगतात. मला इकडच्या त्या महिन्यांचं जास्त नवल वाटतं.

आणि धंद्यातला दाखला आपल्या फडताळातच आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत. पीठ केंद्रावर मळायचं, बहिणींनी ते घरी नेऊन लाटायचं, वाळवलेले पापड परत आणून द्यायचे. घरात लाटताना डोक्यावर कुणी मुकादम नाही. पण पीठ सर्वांना एकच, पापड घेताना पारख होते, आणि प्रत्येक बहीण मालकीण. सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

गेल्या वर्षी माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे माहेरी राहायचं ठरलं तशी शेजारीण म्हणाली, “अगबाई, मग घराचं कसं होणार?” मी तीनच गोष्टी पक्क्या केल्या: सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या, धाकटीचा डबा आणि रात्री गॅस बंद. एकेक गोष्ट एकेकाकडे सोपवली. बाकी काय रांधायचं, कपडे कधी धुवायचे, ते त्यांचं त्यांनी बघावं. रोज रात्री फोन होई, पण गोळ्यांखेरीज मी काही विचारत नसे. जिभेला फार आवरावं लागलं हो!

खरं सांगू? आपल्यावाचून अडत नाही हे कळलं की काळजात बारीकशी कळ येते. पण आपल्यावाचून अडतं म्हणून माझ्या ओळखीतल्या कितीजणी अंगावर दुखणं काढतात, आजारी आईकडे चार दिवस जाऊ शकत नाहीत. त्या कळेपेक्षा हे फार महाग पडतं.

परत आले तेव्हा डाळींचे डबे दुसऱ्याच फळीवर होते. सासूबाई म्हणाल्या, “खाली वाकवत नाही गं मला, म्हणून वर घेतले.” इतकी वर्षं त्या वाकत होत्या, कधी बोलल्या नव्हत्या. डबे अजून तिथंच आहेत.